आधी रेस जुळवा, टाच-चवडा मागाहून

महोदय,

पावसाळा लागला की शनिवार-रविवारी ताम्हिणी, वरंध, आंबोलीकडे गाड्यांची रांग लागते. अलीकडे त्या रांगेत एक नवी हौस दिसते. उजव्या पायाच्या चवड्याने ब्रेक धरायचा, त्याच पायाच्या कडेने ॲक्सिलरेटरला टिचकी मारायची आणि वळणाच्या तोंडाशी तिसऱ्याचा दुसरा करायचा. याला हील-टो, म्हणजे टाच-चवडा, म्हणतात. मोबाइलवर त्याचे ढीगभर व्हिडिओ सापडतात. हौस वाईट नाही, शिकण्याचा क्रम मात्र उलटा झालाय. ज्यांना ब्रेकवर पाय नसतानासुद्धा तिसऱ्यातून दुसऱ्यात गाडी झटका न देता घेता येत नाही, ते तीन पेडल आणि दोन पाय यांची कसरत थेट घाटात करून बघतात. आम्ही काही जण गाडी शिकवतो, काही जण गिअरबॉक्स उघडतो. नेमकं काय करायचं, कुठे करायचं आणि काय बिघडतं, एवढंच लिहून पाठवत आहोत. पत्र लांबेल. जागेअभावी कापावं लागलं तर शर्यतीचा भाग कापा, घाटाचा राहू द्या.

गिअर खाली घेताना गाडी झटका का देते, इथून सुरुवात करू. पाच गिअरची एक सर्वसाधारण पेट्रोल हॅचबॅक घ्या. पहिल्या गिअरचं प्रमाण ३.५५, दुसऱ्याचं १.९०, तिसऱ्याचं १.२८, चौथ्याचं ०.९७ आणि फायनल ड्राइव्ह, म्हणजे चाकांच्या आधीचं शेवटचं प्रमाण, ४.१ धरा. टायर १८५/६५ आर १५ चा, म्हणजे चाक एका फेऱ्यात साधारण १.९५ मीटर पुढे जातं. हिशोब केला की दर १००० आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला १००० फेऱ्यांना, पहिल्यात ८, दुसऱ्यात १५, तिसऱ्यात २२ आणि चौथ्यात २९ किलोमीटरचा वेग मिळतो. हे चार आकडे प्रत्येकाला आपापल्या गाडीचे पाठ हवेत. त्यासाठी गणितही नको. रिकाम्या सपाट रस्त्यावर त्या त्या गिअरमध्ये २००० आरपीएम धरा, वेग बघा, निम्मा करा.

आता तुम्ही तिसऱ्यात ४० ने चालला आहात. इंजिन १८०० ने फिरतंय. याच वेगाला दुसऱ्यात ते जवळजवळ २७०० ने फिरायला हवं. क्लच दाबून रेस सोडली की सेकंदभरात इंजिन हजाराच्या आसपास येतं. गिअर पडला, क्लच सोडला. हजारावरून २७०० पर्यंत त्या इंजिनाला आता कोण ओढून नेणार? चाकं. चाकांना ती ताकद मिळते गाडीच्या वेगातून आणि टायरच्या पकडीतून. मधल्या मध्ये क्लच प्लेट घासते, इंजिन माउंटिंगवर हिसका बसतो आणि मागच्या सीटवरच्या आजी पुढच्या सीटला धरतात.

‘पण आमच्या गाडीला सिंक्रो आहे’ असं यावर हमखास ऐकू येतं. आहे की. पण सिंक्रो म्हणजे गिअर पडण्याआधी वेग जुळवणारी गिअरबॉक्सच्या आतली रिंग. ती फक्त इनपुट शाफ्ट, म्हणजे क्लचकडून गिअरबॉक्समध्ये येणारा दांडा, आणि त्याला अडकलेली क्लच प्लेट एवढ्यांचाच वेग जुळवते. इंजिन आणि त्याचं जड चाक, फ्लायव्हील, क्लचच्या पलीकडे असतात, त्यांच्याशी सिंक्रोला देणंघेणं नाही. सिंक्रोमुळे गिअर आवाज न करता पडतो. झटका थांबवायचं काम त्याचं नाही. उलट दांडी घाईने रेटली तर त्या नाजूक पितळी रिंगवर रोज जास्तीचा भार येतो. दुसरा गिअर टाकताना ‘खर्र’ व्हायला लागलं की समजायचं, रिंगचे दाते आणि आतला शंकूसारखा भाग घासून गुळगुळीत झालाय. ती रिंग बदलायची तर अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो.

कोरड्या रस्त्यावर एवढ्यावर भागतं. ओल्या रस्त्यावर भागत नाही. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत झटक्याच्या क्षणी पुढचे टायर पकड सोडतात, स्टिअरिंग वळवलेलं असतं आणि गाडी सरळ दरीच्या कठड्याकडे जाते. मागची चाकं ढकलणाऱ्या गाडीत, मग ती बोलेरो असो, स्कॉर्पिओ असो की जुनी ओम्नी, मागचा भाग बाहेर फेकला जातो. ब्रेक दाबल्यामुळे चाक अडलं तर एबीएस ब्रेक सैल करतं. इथे चाक इंजिनाने धरून ठेवलेलं असतं, म्हणून एबीएस आहे या भरवशावर राहू नका. पावसात तीव्र वळणाच्या आत शिरल्यावर गिअर उतरवू नये, असं जुने चालक सांगतात त्याचं कारण हेच आहे.

यावरचा इलाज जुनाच आहे. क्लच दाबलेला असताना रेस देऊन इंजिनाला आधीच २७०० वर नेऊन ठेवायचं. मग क्लच सोडला तर दोन्ही बाजू एकाच वेगाने फिरत असतात आणि गिअर बदलल्याचं कळतही नाही. जुन्या ट्रकच्या आणि एसटीच्या चालकांना हे सांगावं लागत नसे, कारण त्यांच्या गिअरबॉक्सला सिंक्रोच नव्हता. ते डबल क्लच करत. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून रेस, परत क्लच दाबून खालचा गिअर. मधे क्लच सोडायचा तो गिअरबॉक्सच्या आतल्या शाफ्टला इंजिनाने वेग द्यावा म्हणून. १९२८ मध्ये कॅडिलॅकने सिंक्रो आणला आणि मोटारीतून डबल क्लच हळूहळू गेला, आपल्या ट्रकांत तो पुढे बरीच दशकं टिकला. आजच्या मोटारीला त्याची गरज नाही. एकदाच क्लच दाबून मधे रेस दिली की पुरे. मात्र त्या चालकांचा कान होता. मीटरकडे न बघता आवाजावरून त्यांना कळायचं की आता गिअर पडेल. तो कान आजही लागतो.

शिकायला सुरुवात चौथ्यातून तिसऱ्यात करा. बहुतेक गाड्यांत ही दांडीची सरळ रेघेतली हालचाल असते, तळहाताने पुढे ढकलायचं एवढंच. रिकामा सपाट रस्ता, ५० चा वेग. चौथ्यात इंजिन १७०० वर असेल, तिसऱ्यात २२५० हवेत. फरक साडेपाचशेचाच, म्हणून चूक झाली तरी अंगावर येत नाही. ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावायचा नाही. क्लच पूर्ण दाबा. दांडी तिसऱ्याकडे निघाली की त्याच वेळी ॲक्सिलरेटरला एक छोटा ठोसा द्या, पाव पेडल, आणि लगेच सोडा. काटा २३००-२४०० ला टेकून खाली यायला लागतो, तेवढ्यात क्लच सोडा. सगळं मिळून सेकंद, फार तर सव्वा सेकंद. नीट जमलं तर डोकं मानेवर स्थिर राहतं. पुढे झुकलं तर रेस कमी पडली. मागे रेललं तर जास्त झाली. थोडी जास्त परवडते, कमी परवडत नाही, कारण जास्त झालेल्या रेसने गाडी किंचित पुढे सरकते, कमी पडलेल्या रेसने टायरवर ओढ येते.

हे पंचवीस-तीस वेळा सलग जमलं की तिसऱ्यातून दुसऱ्यात, ४० च्या वेगाला. इथे फरक ९०० आरपीएमचा आहे, ठोसा मोठा लागतो आणि दांडीही डावीकडे खाली ओढावी लागते. दुसऱ्यातून पहिल्यात चालत्या गाडीत जायची वेळ क्वचितच येते. प्रमाण जवळजवळ दुप्पट आहे, चुकीला जागा नाही. तिकडे जाऊच नका.

डिझेलवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. डिझेलचं फ्लायव्हील जड असतं, शिवाय टर्बो जागा व्हायला वेळ घेतो, त्यामुळे ठोशाऐवजी पेडल क्षणभर धरून ठेवावं लागतं. आणि त्यांची लाल रेघ, म्हणजे इंजिनाच्या वेगाची वरची हद्द, ४५०० ते ५००० लाच असते. पेट्रोल गाडीत ज्या वेगाला दुसरा गिअर चालतो, त्या वेगाला डिझेलमध्ये तो चालेलच असं नाही. आपले आकडे आपल्याच गाडीवर काढा म्हणतो ते यासाठी.

हे सगळं अंगवळणी पडायला रोज दहा मिनिटं दिली तर महिना पुरतो. आणि खरं सांगायचं तर रोजच्या रस्त्यावर शंभरातल्या नव्व्याण्णव प्रसंगांना एवढंच पुरतं. वळण दिसलं, सरळ रस्त्यावरच ब्रेक लावून वेग कमी केला, ब्रेक सोडला, रेस जुळवून गिअर उतरवला, मग वळलो. यात उजवा पाय एका वेळी एकच काम करतो. टाच-चवड्याचा प्रश्नच येत नाही.

मग तो येतो कुठे? शर्यतीच्या ट्रॅकवर. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला किंवा कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर गाडी सरळ पट्ट्याच्या शेवटी १६० वरून ७० वर आणायची असेल, तर चांगल्या टायरवर जोरदार ब्रेकने हे काम सव्वातीन सेकंदांत होतं. तेवढ्यात पाचव्यातून तिसऱ्यापर्यंत दोन गिअर उतरवायचे असतात. उजवा पाय ब्रेकवरून हलवला तर हरलात. म्हणून एकाच पायाने दोन पेडल. तंत्र जन्मलं ते या सव्वातीन सेकंदांच्या अडचणीतून, त्यामागे ऐट नव्हती. आणि गंमत अशी की जोरदार ब्रेकमध्येच ते सोपं जातं. ॲक्सिलरेटरचं पेडल ब्रेकपेक्षा काही सेंटिमीटर खोल बसवलेलं असतं. ब्रेक जोरात दाबला की दोन्ही एका पातळीवर येतात आणि पायाची कड सहज पोचते. हलक्या ब्रेकमध्ये ब्रेकचं पेडल वरच राहतं, ॲक्सिलरेटर खाली, आणि घोटा वाकडा करून पोचावं लागतं. व्हिडिओतल्या माणसाला जमतं ते आपल्याला रस्त्यावर का जमत नाही, याचं निम्मं उत्तर इथे आहे. सार्वजनिक रस्त्यावर तसा ब्रेक मारून सराव करू नये हे वेगळं सांगायला नको. वेगाची चढाओढ तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८९ खाली गुन्हाच आहे.

घाटात एक खरी जागा आहे, तीही मान्य करू. तीव्र उतार, समोर यू आकाराचं वळण, ब्रेक सोडून रेस द्यायला गेलं तर गाडी पळते. किती पळते? शंभर मीटरला आठ मीटर असा उतार धरा आणि वेग ३६. क्लच दाबून ब्रेक सोडलेल्या एका सेकंदात गाडी १० मीटर पुढे जाते आणि वेग अडीच किलोमीटरने वाढतो. बस, एवढंच. आभाळ कोसळत नाही. वळणाच्या ३० मीटर आधी हे उरकलं तर टाच-चवड्यावाचून काही अडत नाही. ज्याला ३० मीटर आधी विचार करायची सवय नाही, त्याला टाच-चवडाही वाचवणार नाही. पण पुढे ट्रक आहे, मागून बस चिकटली आहे, ब्रेक सोडणं शक्यच नाही, अशा वेळी ज्याच्या पायात हे कौशल्य आहे त्याची गाडी न हिसकता दुसऱ्यात येते. तेवढ्यासाठी शिकायचं असेल तर जरूर शिका, आणि असं शिका.

आधी गाडी तपासा. आजकाल ॲक्सिलरेटरला केबल नसते, पेडल फक्त सेन्सरला खबर देतं आणि रेस किती द्यायची ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो. टोयोटाने २००९-१० मध्ये पेडलखाली अडकणाऱ्या मॅट आणि चिकटणाऱ्या पेडलवरून लाखो गाड्या परत बोलावल्या. त्यानंतर बऱ्याच कंपन्यांनी अशी सोय घातली की ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबले तर ब्रेकचं ऐकायचं, ॲक्सिलरेटरचं नाही. सोय चांगलीच आहे, पण तुमच्या गाडीत ती लगेच लागू होत असेल तर टाच-चवडा तिथेच संपला. तुम्ही कितीही कड दाबा, काटा हलणार नाही. उभ्या गाडीत ब्रेक दाबून रेस देऊन बघा. तरी ही चाचणी पूर्ण नाही. काही गाड्यांत ही अडवणूक ठरावीक वेगाच्या वरच सुरू होते, काहींत पाय क्षणापेक्षा जास्त टिकला तरच. चालत्या गाडीत, मोकळ्या जागी, क्लच दाबून पुन्हा तपासावं लागतं. एएमटी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारी गाडी, असेल तर हे सगळं सोडून द्या. तिथे क्लच पेडलच नाही, गिअर उतरवताना इंजिनाचा वेग जुळवायचं काम गाडी स्वतः करते.

मग मॅट. ड्रायव्हरच्या पायाखालची सैल मॅट आधी काढा. रबरी जाड मॅटवर आणखी एक कापडी मॅट टाकलेली असते, ती सरकून ॲक्सिलरेटरखाली गोळा होते. बूट पातळ आणि ताठ तळव्याचे हवेत. रुंद तळव्याच्या स्पोर्ट्स शूजची कड ब्रेक दाबताना नकळत ॲक्सिलरेटरवरही पडते. कोल्हापुरी, स्लिपर, फ्लोटर यांतलं काहीही चालणार नाही, आणि पावसात भिजलेला तळवा आधी पुसायचा. सीट अशी की क्लच तळापर्यंत दाबल्यावरही डावा गुडघा थोडा वाकलेला राहील.

हील-टो या नावाने घोळ होतो. जुन्या गाड्यांत पेडलं जमिनीवर बिजागरीने बसवलेली असत, काहींत ॲक्सिलरेटर मधोमध असे. तिथे खरोखर टाच एका पेडलवर आणि बोटं दुसऱ्यावर पडत. आपल्या लहान गाड्यांत उजव्या बाजूला चाकाचा उंचवटा पायापर्यंत आत आलेला असतो, टाच उजवीकडे फिरवायला जागाच नसते. म्हणून अंगठ्याखालचा गादीसारखा भाग ब्रेकच्या पेडलच्या उजव्या अर्ध्यावर ठेवायचा आणि घोट्यातून पाय उजवीकडे कलंडवून करंगळीकडच्या कडेने ॲक्सिलरेटर दाबायचा. पाय उचलायचा नाही, सरकवायचा नाही, कलंडवायचा. दोन पेडलांतली फट फारच मोठी असेल तेव्हाच टाच वापरायचा विचार करा. काही जण ॲक्सिलरेटरवर वरून पत्र्याचं रुंद पॅड स्क्रूने बसवून घेतात. ते सैल होऊन ब्रेकखाली अडकलं तर काय होईल याचा विचार बसवणाऱ्याने केलेला नसतो.

पहिला धडा उभ्या गाडीत, न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, आणि इंजिन चालू. चालूच हवं. इंजिन बंद असताना दोन-तीनदा ब्रेक दाबला की ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम संपतो, पेडल दगडासारखं टणक होतं आणि वरच राहतं. मग पायाला चुकीची उंची पाठ होते. जागा मात्र उघडी हवी, बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून बसू नका. ब्रेक मध्यम जोराने धरा आणि तो जराही न हलवता कडेने २५०० पर्यंत रेस द्या, सोडा. पन्नास वेळा. पोटरी दुखेल. दुखायलाच हवी, कारण हा स्नायू आपण एरवी वापरत नाही.

दुसरा धडा चालत्या गाडीत, पण गिअर न बदलता. रिकाम्या रस्त्यावर ४० चा वेग, क्लच पूर्ण दाबलेला, ब्रेक एकसारखा, आणि थांबेपर्यंत मधे तीन वेळा रेस. शेजारच्या कप होल्डरमध्ये अर्धी भरलेली पारदर्शक पाण्याची बाटली ठेवा आणि ती बघायला शेजारी दुसऱ्या कुणाला तरी बसवा. ब्रेक एकसारखा असेल तर पाण्याची पातळी पुढे चढून एका तिरप्या रेघेत स्थिर राहते. रेस देताना ब्रेकचा जोर बदलला की पाणी हिंदकळतं. सुरुवातीला प्रत्येक ठोशाला हिंदकळेल, कारण पाय कलंडताना चवडाही नकळत खाली दाबला जातो. ती रेघ स्थिर राहीपर्यंत पुढचा धडा नाही. आमच्या मते या विद्येतला सगळ्यात अवघड टप्पा हाच, आणि व्हिडिओत नेमका तोच गाळलेला असतो.

मगच सगळं एकत्र. तिसऱ्यात ६० ने येत आहात, दुसऱ्यात जायचं आहे. आधी ब्रेक. क्लचला अजून हात लावायचा नाही. ६० ला क्लच दाबून दुसरा टाकायचा तर इंजिन ४००० वर न्यावं लागेल. ब्रेकने ४० पर्यंत आलात की तेच काम २७०० मध्ये होतं. काटा १८०० ला आला की क्लच, त्याच सुरात दांडी दुसऱ्याकडे, न्यूट्रलमधून जाताना कडेने ठोसा, गिअर पडला, क्लच सोडला. ब्रेक सुरुवातीपासून शेवटपर्यंत तसाच. एक बारकावा लक्षात ठेवा. या सेकंदभरात ब्रेक चालूच असल्याने वेग आणखी उतरलेला असतो, ४० चे ३५ झालेले असतात. म्हणजे क्लच सोडताना लागणारी रेस २७०० नाही, २३००-२४०० आहे. रेस जुळवायची ती क्लच सोडतानाच्या वेगाशी, दाबतानाच्या नाही.

चुका ठरलेल्या आहेत. क्लच सुटायला लागल्यावर रेस दिली तर ब्रेक दाबलेला असूनही गाडी पुढे उसळी घेते, आणि घाबरलेला माणूस मग दोन्ही पेडल एकदम दाबतो. रेस फार लवकर दिली तर क्लच सोडेपर्यंत काटा खाली आलेला असतो, झटका ठरलेला. क्लच अर्धवट दाबून रेस दिली तर प्लेट घासते, जळका वास येतो आणि गिअर पडताना आवाज करतो. रेस जमत नाही म्हणून क्लच हळूहळू सोडून झटका लपवणारेही पुष्कळ. त्यांना गाडी मऊ चालल्यासारखी वाटते, त्याची किंमत प्लेट आणि रिलीज बेअरिंग मोजतात. दांडी मुठीत आवळून हिसकणारे तर सगळ्यांत जास्त. बोटांच्या टोकांनी ओढलेली दांडी स्वतःहून जागेवर जाते. जात नसेल तर वेग जुळलेला नाही, हाताचा जोर तिथे कामाचा नाही.

एक चूक मात्र एकदाच होते. पाचव्यात १०० ने चाललात, चौथा टाकायचा होता, घाईत दांडी फार डावीकडे ओढली आणि दुसरा पडला. चौथ्यात इंजिन ३४०० ने फिरलं असतं, दुसऱ्यात ६६०० च्या वर जातं. लाल रेघ असते ६०००-६५०० ला. रेव्ह लिमिटर पेट्रोल तोडून इंजिनाला रोखतो हे खरं, पण इथे इंजिनाला चाकं फिरवत असतात, पेट्रोल नाही. लिमिटर हात बांधून बघत बसतो. झडपा पिस्टनवर आपटू शकतात. असं झाल्याची जराशी शंका आली तरी क्लच परत दाबा, बाकीचं मागाहून. पाचव्यातून चौथ्यात येताना दांडीला सरळ खाली ओढा, डावीकडे रेटू नका, मधली जागा स्प्रिंग स्वतः शोधते.

आता घाट. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे. तिथून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना गाडी जवळजवळ १३०० मीटर खाली येते. माणसांसकट १३०० किलोची गाडी धरली तर या उंचीतली ऊर्जा साडेसोळा मेगाज्यूल होते. वारा आणि टायरची घसट यांचा वाटा वजा केला तरी तीसेक लिटर गार पाणी उकळेल एवढी उष्णता उरते. ती एक तर इंजिनाने घ्यायची, नाही तर चार चाकांच्या ब्रेकनी. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर गाडी उतरवली तर मोठा हिस्सा इंजिन घेतं. चौथ्यात किंवा न्यूट्रलमध्ये उतरवली तर सगळा भार पॅड आणि लायनरवर. ब्रेक ऑइल ओलावा शोषतं. डॉट ३ प्रतीचं ताजं ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा धरल्यावर हीच हद्द १४० वर येते. डॉट ४ ची २३० वरून १५५ वर. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला टेकतं. कोकणपट्टीतल्या दमट हवेत तर ऑइल दोन वर्षांनी बदलायलाच हवं.

ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुना नियम आजही चालतो. एवढंच की नव्या गाड्या चौथ्यातही घाट चढतात, तेव्हा उतरताना एक गिअर आणखी खाली. न्यूट्रल केल्याने पेट्रोल वाचतं हा समज तर पूर्ण उलटा आहे. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू पेट्रोलच बंद करतो, इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं. न्यूट्रलमध्ये इंजिन जिवंत ठेवायला पेट्रोल जाळावंच लागतं. इंजिन बंद करून उतरणाऱ्यांचा बूस्टर दोन-तीन ब्रेकांत रिकामा होतो, पॉवर स्टिअरिंग जातं, आणि किल्ली जास्त फिरवली तर काही गाड्यांत स्टिअरिंग लॉकही होतं.

शेवटी परिवहन खात्याकडे एक मागणी. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १५ मध्ये परवान्याच्या चाचणीत काय काय तपासायचं याची यादी आहे. गरज पडेल तेव्हा वरच्या गिअरवरून झटपट खालच्या गिअरवर येणं आणि उतारावर झटपट गिअर उतरवणं या दोन्ही गोष्टी त्या यादीत स्पष्ट आहेत. प्रत्यक्षात उमेदवार आठचा आकडा काढतो, मागे घेतो, चढावर थांबून निघतो आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरवरच परवाना घेऊन घरी जातो. घाट मैदानात आणता येणार नाही हे कबूल. पण शंभर मीटरची सरळ पट्टी, परीक्षक शेजारी, ४० चा वेग आणि ‘चौथ्यातून तिसऱ्यात, तिसऱ्यातून दुसऱ्यात या, ब्रेकला न शिवता’ एवढा हुकूम देता येतो. यंत्रसामग्री काही लागत नाही. डॅशबोर्डवर एक पाण्याची बाटली ठेवली तरी निकाल दिसेल. मोटार ट्रेनिंग स्कूलांनीही शेवटच्या दोन धड्यांपैकी एक जवळच्या घाटात घ्यावा. पुण्यातल्यांना कात्रज आहे, मुंबई-ठाण्यातल्यांना थोडं लांब जावं लागेल.

आपले,
गाडी शिकवणारे आणि गिअरबॉक्स उघडणारे काही जण, पुणे